खांबावरची गोधडी

जामखेड,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. सत्यशीला,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील. सहावीत तुझ्या शुद्धलेखनाखाली हेच अक्षर लाल शाईत असायचं. मोबाईल माझ्याकडेही आहे, पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही.

राहात्याला पेरू भरात असतील. तू भावाच्या बागेत पेट्या भरतेस, असं शाळेतला अमृत शिपाई सांगत होता. जिच्या एका शिट्टीवर तीस पोरी उभ्या राहायच्या, ती बाई खाली मान घालून पेरू निवडते, हे डोळ्यांपुढे येत नाही. येतं ते वेगळंच. दुपारचा सातवा तास, सगळा वर्ग चालीत कविता म्हणतोय आणि तू शेवटच्या कडव्याला गप्प होतेस. मी कारण विचारलं, तर म्हणालीस, "गुरुजी, संपू नये म्हणून."

इकडे थंडी पडली आहे. गुडघा दुखतो, पण खो-खोच्या मैदानावर जाणं सुटलेलं नाही. कॅमेरा तोच, नगरच्या स्टुडिओवाल्याने अडगळीत टाकलेला. त्याच्या भिंगात बुरशी आहे, त्यामुळे प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात ढगासारखा डाग येतो. बटण दाबलं की तो आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो. पेन्शनीत दुसरा बसत नाही, म्हणून मीच क्षणाच्या आधी दाबायला शिकलो. सूर मारण्यापूर्वी पोरीचा खांदा किंचित खाली जातो, तेव्हाच दाबायचं. अजूनही छत्रीच्या दांड्याला तो सायकलच्या ट्यूबने बांधतो. तू विचारायचीस, गुरुजी, म्हातारं कोण, तुम्ही का कॅमेरा? मी म्हणायचो, दोघंही, पण तो माझ्याहून उशिरा उठतो.

दिवाळीनंतर शाळेच्या मैदानावर तालुक्याचे सामने झाले. फोटो घेऊन नाझनीनच्या दुकानात गेलो. ही फोटोवाल्या अल्लाबक्षची सून, छपाईचं काम आता तीच बघते. तिने एक फोटो पडद्यावर मोठा केला आणि बोटाने मोजू लागली.

"गुरुजी, ह्यात नऊजणी बसल्यात की. पळती ती धरून धा. पंचाला दिसलं न्हाई व्हय?"

तुला खो-खो मी काय सांगावा. आठजणी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि नववी पळते. आठ म्हणजे आठ. बुरशीचा डाग असेल, असं म्हणून मी हसलो. घरी येऊन भिंग लावलं. डागाच्या खाली एक मुलगी पाठमोरी बसली होती. दोन वेण्या, आणि डाव्या पायमोज्यावर काळं रबर.

ते रबर मी ओळखतो. आपल्या जयाचा मोजा सारखा घसरायचा, म्हणून ट्यूबचं एक कडं कापून मीच तिला दिलं होतं.

पुढचे सामने खर्ड्याला झाले. फोटोत पुन्हा नऊ. ती एक जागा पुढे सरकली होती, खांबाच्या दिशेने. त्यानंतर मी फोटो काढायचे नाहीत असं ठरवलं, आणि परवा रविवारी सामना लागला तेव्हा छत्री घेऊन गेलोच. मैदानावर डोळ्यांनी तीनदा मोजलं. आठ. आणि फोटोत ती खांबाजवळच्या जागेवर. डाग आपल्या कोपऱ्यातच राहिला आहे, ती स्पष्ट दिसते. दोन्ही हात मातीवर, एक टाच उचललेली, आणि मान वळवून ती थेट कॅमेऱ्याकडे बघते आहे. चेहऱ्यावर राग नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सत्यशीला, आता ते लिहितो.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, जया गेली त्या संध्याकाळी, मी आलो तेव्हा ती एकटीच सराव करत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

मैदान रिकामं झालं होतं. तू कार्यालयात किल्ली ठेवायला गेली होतीस. उन्हं उतरत होती आणि खांबावर असा तांबूस उजेड पडला होता, की त्यावर कविता व्हावी. शाळेच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी मला खांबावरचा सूर हवा होता. जयाने तुझ्यासमोर मारलेले चारही सूर माझ्या कॅमेऱ्याने चुकवले होते. मी तिला थांबवून घेतलं. म्हटलं, पुन्हा एकदा मार. तिने मारला. माझं बोट बरोबर पडलं होतं, पण पडद्यावर बघितलं तर खांबाला गुंडाळलेली ती गोधडी. हिरवी-जांभळी ठिगळं, त्यावर सुतळी. मला ते गबाळं वाटलं.

गाठ मी सोडली. तुझा नियम मला ठाऊक होता, गोधडीशिवाय सरावात सूर नाही. जयाही म्हणाली, "सर, बाई रागावत्याल." मी म्हणालो, बाईंना मी सांगतो. गोधडीची घडी घालून मी ती बुडाखाली घेतली आणि खांदा खाली जाण्याची वाट बघत बसलो.

तिने सूर मारला. डोकं खांबावर आपटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. ती उठून बसली, कानशिलावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "आला का फोटू?"

मी कॅमेऱ्यात बघितलं. फोटोत नुसता खांब होता. मी म्हणालो, नाही आला.

"मग परत मारते," म्हणाली, आणि उठता उठता बसल्या जागी कलंडली.

तू धावत आलीस तेव्हा गोधडी माझ्या पिशवीत होती. का घातली ते सांगता येत नाही, हाताने परस्पर घातली. नंतर चौकशीत तुला विचारलं, खांब उघडा कसा. तू म्हणालीस, माझ्याच हातून बांधायची राहिली असेल. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. तुझ्यासारखी हुशार पोर स्वतःच्या हातावर संशय घेते आणि मी पायातल्या वहाणा बघतो. त्यानंतर तू शिट्टी टेबलावर ठेवलीस, ती आजही अमृतच्या खणात आहे.

गोधडी जयाच्या आईने, झुंबरबाईने शिवली होती. ऊसतोडीला जाताना, लेकीला लागू नये म्हणून दिलेली. हंगाम संपवून फडातून परतल्यावर ती माझ्याकडे आली होती. एवढंच म्हणाली, "गुरुजी, माझ्या हातची गोधडी कुटं गेली वो? तेवढी मिळाली तर बरं हुतं." मी म्हणालो, बघतो. दीड वर्ष बघतो आहे. ती माझ्या ट्रंकेत आहे.

रविवारपासून मला एकच दिसतं. बसलेली पोर आपण होऊन उठत नाही. मागून कुणालातरी पाठीवर हात टाकून खो म्हणावं लागतं, त्याआधी उठली तर नियमभंग. जयाने कधी नियम मोडला नाही, मी मोडायला लावला तो एकदाच. ती बसून आहे, कारण तिच्याशी शेवटचं बोललेला माणूस गप्प आहे.

मुख्याध्यापकांच्या नावाने असंच पत्र लिहिलं आहे. दोन्ही पाकिटं आधी पोस्टात टाकणार, आणि तिथूनच गोधडी घेऊन झुंबरबाईच्या दारात जाणार. यंदा ती तोडीला गेलेली नाही, घरीच आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पळणारीने एकदा दिशा धरली की तिला मागे वळता येत नाही, हे तूच पोरींना घसा फोडून शिकवलंस.

मला क्षमा करू नकोस, पण शिट्टी परत घे. गाठ तू बांधली होतीस, सत्यशीला. घट्ट बांधली होतीस. सोडायला मला दात लावावे लागले.

ती गाठ सोडणारा,
श्रीमंत गुरुजी