दोन कॉलेजं, दोन उत्तरं

मारेन,

ओव्हनमध्ये जेवायला बटाट्याचं हॉटडिश आहे, वीस मिनिटं गरम कर. मी सातपर्यंत दवाखान्यात कामावर आहे.

तुझ्या दोन्ही कॉलेजांची पत्रं फ्रिजवर लावली आहेत. सरकारी कॉलेज म्हणतं, या पोरीला जवळजवळ सगळी फी माफ. खाजगी म्हणतं, निम्मी तुम्ही भरा. तू म्हणालीस, खाजगीवाल्यांची काहीतरी चूक झाली असेल. मलाही तसंच वाटलं, म्हणून सकाळी त्यांना फोन केला. तिथली बाई गोड बोलली, पण ठाम होती. "चूक नाही, मॅडम. सरकारी कॉलेज फक्त तुमच्या घरची कमाई बघतं. आम्ही वेगळ्या राहणाऱ्या वडिलांकडूनही कमाईचा फॉर्म भरून घेतो. त्यांनी काय लिहिलंय ते मात्र मला सांगता येणार नाही."

सांगायची गरजच उरली नाही. नऊ वर्षं तुझा बाप मला सांगतोय की बोट दुरुस्तीचा धंदा बसला, खिशात दमडी नाही. तुझ्या दातांना तारा लावायच्या होत्या तेव्हाही हेच रडगाणं. मग त्याच्या फॉर्ममध्ये कॉलेजला तुझी निम्मी फी भरू शकणारा जो माणूस दिसला, तो कोण?

तो पाचला तुला न्यायला येईल. भांडू नकोस, काही विचारूही नकोस. कॉफी दे आणि दोन्ही पत्रं शेजारी शेजारी त्याच्यासमोर ठेव. चष्मा विसरलो म्हणाला, तर माझा खिडकीत काढून ठेवलाय.

आई