न लागलेलं वचन

४ जून
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
तुमच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या आईने, गेल्या आठवड्यापासून गोळ्या बंद केल्यात. डॉक्टर म्हणतात, आजार हाताबाहेर गेलाय. गोळ्यांनी निदान कळा तरी थांबतील. पण चर्चमधल्या ज्येष्ठांनी तिला तेल लावून प्रार्थना केली आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं ते वचन ऐकवलं, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तिचं म्हणणं. उशीचं टोक दातात धरून पडून असते. मी त्याच चर्चचा पाळक असून मला तिला समजावता येत नाही. तुम्ही जन्मभर मुलांना कवितांचे अर्थ सांगितलेत. याचा सांगा.
लोभ आहेच, या दिवसांत थोडा जास्त असावा.
तुमचा भाचा

९ जून
चि. पाळकबुवांस,
अ. उ. आ.
तुझी आई जन्माची हट्टी. शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की शब्द विसरले तरी चाल सोडायची नाही, नुसतं गुणगुणत कडवं पुरं करायची. खिडकीशी बसलो की अजून ऐकू येतं, आणि चहा निवून जातो. असो. त्या वचनात आधी तेल आहे, मग प्रार्थना. त्या काळी जखमेला तेलच लावत, तेच औषध. औषध टाका, असं याकोब म्हणतच नाही. तिला सांग, गोळी म्हणजे आजचं तेल. गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर मीच येऊन कान धरला असता.
माया आहे तशीच आहे, असे समजावे.
मामा

१४ जून
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
तेलाचं सांगितलं. आई हसली. म्हणाली, दादाला म्हणावं, एवढं मलाही कळतं. मग भिंतीकडे तोंड करून खरं बोलली. गोळ्या खाऊन मेले तर लोक म्हणतील, पाळकाच्या घरातच विश्वास नव्हता. मग तू कुठल्या तोंडाने उपदेशाला उभा राहशील?
म्हणजे मामा, ती माझ्यासाठी कळा सोसतेय. पुढच्या रविवारी त्याच वचनावर बोलायचंय. काय बोलू?
तुमचा लोभ हाच आता आधार.
भाचा

१८ जून
चि. बाळास,
अ. उ. आ.
तुझं पत्र वाचून चष्मा काढून ठेवला. काही सुचत नाही रे. शिकवताना एखादी ओळ मला लागायचीच नाही. इतर मास्तर काहीतरी दडपून सांगत. मी मुलांना म्हणायचो, ही मलाही लागत नाही. वर्ग चिडीचूप व्हायचा. याचा तुला काय उपयोग, देव जाणे. तिच्या डोक्यावरून माझा म्हणून एक हात फिरव.
जवळ नाही, एवढाच काय तो दुरावा मानावा.
मामा

२२ जून, रविवार
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
आज उपदेशाला उभा राहून ते वचन वाचलं. म्हटलं, आईसाठी रोज प्रार्थना करतो, ती वाचत नाहीये, आणि याचा अर्थ मला लागत नाही. खाली बसलो. एक ज्येष्ठ उठून गेले. बाकीचे बसून राहिले. गीत कुणी सुरू करेना.
मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई भयंकर चिडली. म्हणाली, नाक कापून घेतलंसच ना, मग आता मी कशाला सोसू? आण ती गोळी.
दिली. आत्ता झोपलीय. मी हात जोडले, पण काय मागावं ते कळेना. तिचे पाय उघडे पडले होते, पांघरूण ओढलं.
लोभ तुटू देऊ नका.
तुमचा भाचा