एकही अपघात नाही

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पक्कड,

इकडे सगळे बरे आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता ती सुईत दोरा ओवते आणि दिसेल त्याला दाखवत सुटते. बायकोची बदली टळली. तू विचारलं नव्हतंस, तरी लिहिलं. पत्राची सुरुवात भांडणाने करू नये, असं आईचं म्हणणं. तेवढं पाळलं, आता तुझ्या पत्राकडे वळतो.

तू लिहिलंस की मी तुझ्या पोटावर पाय दिला. आमच्या घरी पत्र पाठवताना 'पाय' हा शब्द जरा जपून वापर.

मला न विचारता तू बायोडेटाच्या शेवटी माझं नाव आणि आमच्या ऑफिसचा नंबर टाकलास. त्या लिफ्ट कंपनीच्या बाईंनी फोन करून एकेक ओळ वाचली आणि खरं का, म्हणून विचारलं. बायोडेटा झकास लिहिलायस, मानलं. 'दुरुस्तीची कामे केली' असं मोघम काही नाही. हॉस्पिटलची बंद पडलेली जुनी लिफ्ट चालू केली, नव्या माणसांना ब्रेकचं काम शिकवलं, सगळं नेमकं. मी प्रत्येक ओळीला हो म्हणालो. ब्रेकच्या कामात असा हात दुसरा पाहिला नाही, पक्कड हे टोपणनाव उगाच पडलं नाही, हेही सांगितलं. हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी वाचलं, 'संपूर्ण कारकिर्दीत एकही अपघात नाही.'

मी म्हणालो, "ही ओळ खोटी आहे."

तुझं म्हणणं, अपघात तुझ्या नावावर नोंदलेलाच नाही, म्हणजे कागदोपत्री ओळ खरी. कागदोपत्री! धाकटा खाली लिफ्टच्या खड्ड्यात गाइडच्या रुळांना ग्रीस लावत होता आणि तू वर मशीनरूममध्ये होतास. मेन स्विच टाकण्याआधी हाक मारायची आणि खालून उत्तर येईपर्यंत थांबायचं, एवढंच तुझं काम. तुला जेवायला जायची घाई झाली होती. लिफ्टचा डबा खाली आला आणि माझ्या भावाचं डावं पाऊल गेलं. चौकशीत तू सांगितलंस, मी हाक मारली, त्यानेच ऐकली नाही. नंतर हॉस्पिटलच्या दारापर्यंत आलास आणि तिथूनच मागे फिरलास. आईने वरून खिडकीतून पाहिलं होतं. ती कुणाला काही बोलली नाही, मला मात्र नंतर सांगितलं.

यापुढचं लिहिणार नव्हतो.

बाईंचा फोन आधी मी घेतलाच नव्हता. धाकटा आता ऑफिसात बसतो, तक्रारींचे फोन तोच घेतो. तुझं नाव त्याने पुन्हा विचारून पक्कं केलं. मग म्हणाला, "कामाला चांगला आहे, घ्या त्याला." बाईंनी ती अपघाताची ओळ वाचली, तेव्हा मात्र त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला, आणि बाईंनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

फोन ठेवल्यावर तो माझ्यावरच उखडला. "दादा, तू हो म्हणाला असतास तर माझं काय जाणार होतं?"

मी म्हणालो, "तिथेही कुणीतरी खड्ड्यात उतरणार आहे."

तेव्हापासून तो माझ्या गाडीवर मागे बसत नाही, बसने येतो. बसच्या पायऱ्या चढताना तो दांड्याला कसा लटकतो, ते मी रोज मागून बघतो आणि मग गाडी सुरू करतो. आधी तू त्याचं पाऊल घेतलंस. आता ही तुझी एक ओळ आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली आहे.

तुला माफ करायचं, हे त्याने ठरवलंय. तो भला आहे, मी नाही.

ती ओळ काढ. तिच्या जागी जे घडलं ते लिही. माझ्या चुकीने साथीदार जायबंदी झाला, तेव्हापासून खालून उत्तर आल्याशिवाय मी स्विचला हात लावत नाही, असं लिही. पण ते खरं असेल तरच. मग कुणीही फोन करू दे, तुझ्या ब्रेकच्या कामाबद्दल मी त्या दिवशी बोललो तेच बोलेन. ती ओळ तशीच राहिली, तर ती खोटी आहे हेही सांगेन, जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा.

मला उत्तर नको. लिहायचंच असेल तर त्याला लिही. घराचा पत्ता तुला तोंडपाठ आहे, सुट्टीच्या दिवशी जेवायला इथेच यायचास.

त्याचा दादा