नडगीतलं दुखणं

प्रिय ताई,

तुला नि भावजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. मी मजेत आहे, काळजी नसावी.

शिवणमशीनवर बसून अंग जड झालं म्हणून पळायला लागले, हे फोनवर सांगितलंच होतं. तळ्याभोवती न थांबता एक फेरी मारायला लागले होते! शाळेत पळायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं, आठवतं?

सध्या मात्र पळणं बंद आहे. उजवी नडगी दुखते, सुजलीय. शेजारीण म्हणाली, "नवशिक्यांचं होतंच असं, आराम कर." केला. तरी सूज वाढतेच आहे. पळायला जायची इतकी हौस, की बूट अजून दारातच ठेवलेत.

काल डॉक्टरीणबाईंनी पायाचा एक्स-रे फोटो काढला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे पळण्यामुळे नाही झालेलं. घरात कुणाला हाडांचा आजार होता?"

मी नाही म्हणाले. बाहेर आल्यावर आपल्या अण्णांचा पाय आठवला. त्यांचाही आधी नुसता दुखायचाच ना गं? आईला विचारू नकोस, तूच आठवून कळव. तिचा खोकला कमी झाला का?

सोमवारी परत बोलावलंय. "एकट्या येऊ नका," म्हणाल्या. इथे माझं कोण आहे, ताई? तू येशील?

तुझीच,
धाकटी