मागच्या चाकांनी माझी केलेली शोभा

विराबीन,
पेरणी आटोपल्यानंतरचा रविवार

ती. बेरिलताईस,

लिंडसेचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच उरकतो, कारण माझं रडगाणं सुरू झालं की ती राहून जाईल. टास्मानियात थंडी फार असेल, लोकरीच्या पट्ट्या बांधत जा. इकडे तुझी वहिनी ग्वेंडा ठणठणीत आहे. मी नाही. तुझा भाऊ या गावात तोंड दाखवायच्या लायकीचा उरलेला नाही.

ती लाल गाडी घेतल्याचं तुला फोनवर सांगितलंच होतं. (तू ‘काय घेतलंस?’ असं तीनदा विचारलंस, मला वाटलं लाइन खराब आहे.) जन्मभर शाळेची बस अशी चालवली की पोरांच्या डब्यातलं सँडविचसुद्धा हललं नाही, तेव्हा निवृत्तीनंतर एक तरी गाडी मनासारखी चालवावी, एवढीच हौस. पण हिचं आठ सिलिंडरचं इंजिन पुढे आणि त्याचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. धान्याच्या कोठारांकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि पोटातून असा आनंद वर येतो की मी एकटाच मोठ्यानं हसतो. खरं सांगतो ताई, बाबांनी पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसवलं त्यानंतर इतका खूश मी कधी झालो नव्हतो. वाईट एवढंच की रस्ते पुढे कुठेतरी वळतात, आणि वळणावर पाय दाबला की मागची चाकं म्हणतात, आधी आम्ही जातो.

पहिला प्रसंग बेकरीसमोरच्या सर्कलवर. पाऊस भुरभुरत होता. समोरून मर्व्हिनची गाडी आली. आपली रीत तुला ठाऊक आहे, समोरच्याला नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. नाही उचललं तर तो पुढची दोन वर्षं ‘लिंडसेला माझं काय खटकलं’ म्हणत फिरतो. मी बोट उचललं, नेमका तेव्हाच पाय जड पडला आणि गाडी गर्रकन फिरली. चारही रस्त्यांवर ओळखीची माणसं थांबलेली! गाडी जिकडे तोंड करी तिकडचा माणूस सवयीनं बोट उचली आणि मीही सवयीनं उत्तर देत गेलो. (पाद्रीबाईंना तर दोनदा.) शेवटी गाडी सर्कलच्या मधल्या गुलाबाच्या वाफ्यात टेकली तेव्हा मर्व्हिन काच खाली करून म्हणाला, “सगळ्यांना भेटून झालं ना रे? का कुणी राहिलं?” तेव्हापासून गावात मला कुणी सरळ बोट करत नाही. उचलतात आणि हवेत गोल फिरवतात.

गॅरेजवाला क्लॅरी म्हणाला, “मागे वजन नाही म्हणून नाचते ती. डिकीत गव्हाची पोती टाक.” (इथे कुठलंही दुखणं सांगा, औषध गव्हातच असतं.) टाकली. ग्वेंडाची अट होती की रविवारी चर्चला जाताना-येताना गाडीचं तोंड पुढेच राहिलं पाहिजे, नाहीतर गाडी विकायची. जाताना राहिलं! पण चर्चच्या दारात मागे बघतो तर पोती फाटून डिकीच्या भोकातून गव्हाची रांग रस्ताभर, आणि गावातले झाडून सगळे गुलाबी काकाकुवे दाणे टिपत आमच्या मागोमाग आलेले. मग ते छपरावर चढून असे किंचाळले की प्रवचनातला एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. येताना डिकी हलकी, रस्ता ओला, आणि सर्कल जागच्या जागी.

ग्वेंडानं निदान रागवायला हवं होतं. पुन्हा त्याच वाफ्यात बसल्या बसल्या टाका पुरा करत म्हणाली, “अरे, झाडाकडे बघतोस म्हणून झाडाकडे जाते. जायचंय तिकडे बघ की!” (हिला काय कळतंय? लग्न झाल्यापासून शेजारच्या सीटवर बसून विणतेय.) आता बेकरीच्या फळ्यावर विक्रीची चिठ्ठी लागली आहे. मी पुरता खचलो आहे. तुझ्याकडे काही मागायचं नाही, मन हलकं केलं इतकंच.

तुझा हताश भाऊ,
लिंडसे

ता. क. मागायचं आहे. शनिवारी मिल्ड्युराहून गिऱ्हाईक येतंय. ग्वेंडा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. गाडी विकू नको म्हणून तिला फोन कर. पाया पडतो.

ता. क. २. पत्र खिशातच राहिलं आणि शनिवार होऊन गेला. फोन करू नकोस. गिऱ्हाइकासमोर सर्कलवर जायला मी नकार दिला म्हणून त्याला फेरी मारून आणायला ग्वेंडाच स्टिअरिंगवर बसली. मी बेकरीच्या दारात उभा होतो. तिनं सर्कलवर मुद्दाम मागची चाकं घसरू दिली, अख्खा वेढा तिरका घातला आणि एका गुलाबाला धक्का न लावता सरळ निघून गेली. बापाच्या ट्रकवर चिखलात शिकली होती म्हणे. “बसवाल्याशी लग्न केल्यावर सांगून काय उपयोग होता?” असं मलाच विचारते. गिऱ्हाईक पांढरंफटक होऊन उतरलं आणि म्हणालं, “काकू, ही तुम्हीच ठेवा.”

तेव्हा गाडी राहिली, पण किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात. रोज संध्याकाळी त्याच सरळ रस्त्यावर ती मोठ्यानं हसते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते, त्यामुळे समोरच्यांना बोट मी करतो. तेही करतात, अगदी सरळ, पण तिला.

ता. क. ३. सुलट-उलट टाके कसे घालायचे ते सोपं करून लिहून पाठव. तिचं अर्धं विणलेलं माझ्या सीटवर पडलं आहे, आणि वळणावर मला कुठेतरी खाली बघायला हवं.