कोरं नाक

आई, मी आज घरी आलेय. तासगाव रस्त्यावरच्या आपल्या शेडमध्ये, तू बेदाणा निवडायला बसायचीस त्या खिडकीशी बसून लिहितेय. दादा आणि वहिनी बाहेर रॅकवरचा माल हलवतायत आणि मला एकटीलाच हसू येतंय. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणजे पुढं माझं काय झालं हे तुला ठाऊकच नाही. मी बंदरावर नोकरी करते. बाहेरदेशातून येणारा खाण्याचा माल, डाळी, तेल, सुका मेवा, लोकांच्या पोटात जायच्या आधी आम्ही तपासतो. तुझंच काम गं, फक्त पंख्याखाली बसून.

तुला आठवतंय का बघ, मी नववीत आहे. मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नातून थेट शेडवर आलेय, डोक्यात मोगऱ्याचा भला मोठा गजरा. तू ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातला बेदाणा वर काढतेस आणि नाकाशी नेतेस. गंधकाची धुरी दिली की बेदाणा पिवळाधमक दिसतो, पण धुरी जास्त झाली की नाकाला झोंबतो, आणि तसला माल तू बाजूला काढायचीस. मीही वरवरची ओंजळ भरते, वास घेते आणि म्हणते, "चांगलाय." तू मान वर न करता म्हणतेस, "आदी डोक्यातला गजरा काढ जा. तुला आज समदंच चांगलं वाटणार. निवडाय बसायचं तर नाक कोरं पायजे. आन् वरचा कशाला घेतीस? वरचा थर लोकं दावायला भरत्यात." सगळ्या बायका हसल्या. मी गजरा खांबाला अडकवला आणि दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी तूच तो माझ्या वेणीत माळलास, मग माझा राग कुठल्या कुठं गेला.

आमच्याकडे प्रत्येक पेटी फोडत बसलो तर बंदर तुंबेल. म्हणून आधी कागद बघायचे. ज्याचा माल वरचेवर चांगला निघतो त्याला कमी अडवायचं, नव्याला आणि जोखमीच्या मालाला जास्त. मात्र नजरेखालून सगळं घालायचं, आणि शंका आली की नमुना प्रयोगशाळेत. अहवाल येईपर्यंत माल जागचा हलत नाही. मागच्या महिन्यात परदेशी बेदाण्याचा कंटेनर आला. व्यापाऱ्याचं नाव स्वच्छ, कागद स्वच्छ. त्याचा माणूस आपल्या कोरेगावकडचा. दाराजवळच्या पेट्या त्यानं आधीच उघडून मांडल्या होत्या. मी म्हटलं, मागच्या काढा. तो म्हणाला, "आवं मॅडम, मागचं कशाला उचकताय? आतबी त्येच हाय." मी म्हटलं, "त्येच हाय ना? मग दावा की." मागची, तळाची पेटी फोडली, वाकून वास घेतला आणि नाकाला झोंबलं. मी माल थांबवला. साहेब नाराज झाले. म्हणाले, "तुमचं नाक म्हणजे मशीन नव्हे. अहवाल चांगला आला तर या खोळंब्याचं उत्तर तुम्ही द्यायचं." मी मान डोलावली, पण आतून काय ऐटीत होते म्हणून सांगू. आईचं नाक घेतलंय मी, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी चहा घेत होते. आसपास एक पेटी नाही, आणि तोच वास. खुर्चीवरचा कोट उचलला. खिशात दादानं पाठवलेली पुरचुंडी, यंदाच्या पहिल्या धुरीचा बेदाणा. येता-जाता तोंडात टाकायला मी तो आठवडाभर खिशात बाळगत होते. काल पेटीवर वाकले तेव्हाही हाच कोट अंगावर होता. खरं सांगते आई, पहिल्यांदा मनात आलं की त्या बिचाऱ्याचा नमुना खराबच निघू दे, म्हणजे मी सुटेन. मग खांबाला लटकलेला गजरा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली. उठले, पुरचुंडी साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी वास घेतला, दोनदा शिंकले आणि हसत सुटले. अहवालाची वाट मात्र बघावीच लागली. तो चांगला आला. कोरेगावकराला मी म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "असू द्या वो. पर घरचा बेदाणा चाखवा की आमालाबी." म्हटलं, तुमच्याकडून घ्यायचं नाही आणि तुम्हाला द्यायचं नाही, तसा नियम आहे.

मला वाटलं होतं आता बोलणी बसणार. पण साहेबांनी कागद टाइप करून तपासणीच्या जागी लावला. पेट्या मागच्या आणि तळाच्याही उघडाव्यात. तपासताना अंगावर वासाचं काही नसावं, खिशात खाण्याचं काही नसावं. खाली शिक्का, सही. आई, तुझं बोलणं सरकारी भिंतीवर लागलंय. मी येता-जाता वाचते आणि दर वेळी तितकीच खूश होते.

दादाला आल्या आल्या सांगितलं, धुरी कमी दे. तो म्हणाला, "लय शिकलीस." हे पत्र घडी करून तुझ्या जुन्या डब्यात टाकतेय. फक्त एक राहिलं. तो माल सुटल्यावर मी दुकानातून त्याचं पाकीट विकत आणलं. घरी हात धुतले, नाक कोरं केलं आणि तो बेदाणा खाल्ला. आपल्यापेक्षा गोड आहे गं. दादाला हे सांगायचा धीर झालेला नाही.