दुबळी ओढ आणि शिडी

चाकाल्ताया, मंगळवार

प्रिय बाबांना नेलिदाचा नमस्कार,

डोंगरावर मी मजेत आहे. थंडी आहे, पण आईने विणलेला स्वेटर अंगातून काढतच नाही. तिचा गुडघा कसा आहे? अंगणात पसरलेली कॉफी वाळली का?

काल प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. आधी पाचामामाला, आपल्या धरणीमातेला, दारू वाहिली आणि मगच खोका उघडला. आमच्या साहेबांनी लोहचुंबकाला खिळा लटकवून दाखवला. म्हणाले, "निसर्गात बलं चार. दोन अणूच्या पोटातच राहतात. तिसरं या चुंबकाचं. आख्खी पृथ्वी खिळा खाली ओढतेय, तरी हेच जिंकलं. चौथी पृथ्वीची ओढ, तीच सगळ्यात दुबळी."

स्वयंपाकाच्या एउलोखियामावशी म्हणाल्या, "पाचामामाला दुबळी म्हणता? मग जरा उडून दाखवा."

साहेबांनी गुपचूप आणखी एक पेला जमिनीवर ओतला.

तुम्ही लिहिलंत, उंबऱ्याला ठेच लागून पडलो. रेनेदादाने मात्र खरं कळवलं, की तुम्ही पत्रा बसवायला छपरावर चढला होतात. बाबा, दुबळी असली तरी तुमचं हाड मोडायला ती पुरली.

पत्रा मी रविवारी येऊन बसवते. तोवर गळतीखाली घमेलं ठेवा. शिडी दादाला न्यायला सांगितली आहे, शोधत बसू नका.

तुमच्याइतकीच हट्टी,
नेलिदा